सहा पानांची काळी विनोदी गोष्ट : शेवट का पडतो?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. अगदी छोट्या, विक्षिप्त आणि काळ्या विनोदाच्या गोष्टींचे मांगा-संग्रह (मांगा म्हणजे जपानी चित्रकथा) वाचून तुम्ही स्वतः चार ते आठ पानांच्या बारा गोष्टी काढल्यात. मित्रमंडळी त्या वाचून तीनपैकी एक काहीतरी म्हणतात : ‘मग पुढे?’, ‘कळलं नाही’ किंवा ‘किती क्रूर आहे हे!’ तुम्हाला हवंय ते असं, की शेवटाचा धक्का कसा बसवायचा आणि या बारा गोष्टी पुस्तकात कुठल्या क्रमाने लावायच्या. नमुना म्हणून ‘लिफ्ट’ ही गोष्ट तुम्ही जोडली आहे. ती मी नीट वाचली.

मी दिवाळी अंकांसाठी छोट्या चित्रकथा काढते आणि पुण्यात चित्रकथेचे वर्ग घेते. जपानी शिकले ती मुख्यतः मांगा मुळातून वाचता याव्यात म्हणून. त्यामुळे खाली जे लिहितेय ते चित्रकथा काढणाऱ्याच्या बाजूने आहे, समीक्षकाच्या नाही.

तुमची चित्रं चांगली आहेत. लिफ्टच्या सरकत्या जाळीवरचा गंज आणि मजल्यांच्या आकड्यांची झिजलेली बटणं बघून कुठल्या काळातली इमारत आहे ते लगेच कळतं. म्हणून चित्रांवर आणखी मेहनत घेऊन हा प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही.

‘मग पुढे?’ हे वाचक शेवटच्या पानावर विचारतो, त्यामुळे दोष शेवटाचा आहे असं आपल्याला वाटतं. वर्गात मुलांच्या गोष्टी बघताना मला बहुतेक वेळा तो पहिल्या पानात सापडतो. त्या जगाचा नियम काय आहे हेच वाचकाला वेळेवर कळलेलं नसतं. मग तो नियम कोणावर उलटला, कसा उलटला, याच्याशी त्याला देणंघेणं राहत नाही. आपण शेवटी जोर लावत राहतो, रक्त वाढवतो, चेहरे मोठे करतो, आणि गोष्ट आणखी पडते.

धक्क्यावर एवढा भार टाकायची गरज नसते, याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे जपानी चित्रकथाकार फुजिको फुजिओ ए यांचा मोगुरो फुकुझो, ‘हसणारा विक्रेता’. साठच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या या गोष्टींवर १९८९ मध्ये टीव्हीची अ‍ॅनिमे (जपानी चलतचित्र) मालिकाही निघाली. काळा सूट, काळी टोपी, चेहऱ्यावर कायमचं हसू. प्रत्येक गोष्टीत मोगुरो एखाद्या एकट्या किंवा कावलेल्या माणसाला गाठतो, त्याच्या मनातली पोकळी फुकटात भरून देतो आणि त्याबरोबर एक अट घालतो. माणूस अट मोडतो. मोगुरो त्याच्यावर बोट रोखून ओरडतो आणि त्या माणसाचं वाटोळं होतं. दोन गोष्टी वाचल्या की तिसरीचा शेवट पहिल्याच पानावर ठाऊक असतो. तरीही ती सोडवत नाही, कारण आपण बघत असतो की हा माणूस कुठल्या क्षुल्लक मोहापायी घसरणार. शेवट उघड असूनही गोष्ट चालते ती त्या मोहाच्या जिवावर.

दुसरं उदाहरण मांगाचं नाही, पण या प्रकाराचं मूळ तिथे आहे. शिनइची होशी (१९२६–१९९७) हे जपानमधल्या अतिलघुकथेचे मोठे लेखक. त्यांनी हजाराच्या वर अशा कथा लिहिल्या. ते पात्रांना सहसा नावं देत नसत, नुसतं ‘एन महाशय’ म्हणून मोकळे होत. काळाशी बांधलेले तपशील टाळत आणि हाणामारीची, शृंगाराची वर्णनंही टाळत. त्यांच्या १९५८ च्या ‘बोक्को-चान’ या कथेत एक बारमालक सुंदर दिसणारी यंत्र-मुलगी तयार करून काउंटरमागे उभी करतो. गिऱ्हाइकाचंच बोलणं फिरवून बोलण्यापलीकडे तिला काही येत नाही. ती दारू पिते, पण ती दारू नळीने खाली उतरते आणि मालक तीच पुन्हा गिऱ्हाइकांना पाजतो. एक तरुण तिच्या प्रेमात पडतो, झिडकारल्यासारखं वाटून तिच्या पेल्यात विष घालतो आणि निघून जातो. मालक सवयीप्रमाणे नळीतली दारू काढतो आणि सगळ्यांना देतो. शेवटी बारमध्ये कोणीच बोलत नाही. रेडिओ चालू आहे, आणि बोक्को-चान पुढचं गिऱ्हाईक बोलायची वाट बघत उभी आहे.

ही कथा चित्रकथाकाराने समोर ठेवून उलगडावी अशी आहे. नळीची सोय आपल्याला सुरुवातीलाच सांगितलेली असते, आणि तीसुद्धा मालकाच्या काटकसरीचा तपशील म्हणून, जाता जाता. त्यामुळे शेवटी लेखकाला बाहेरून काहीच आणावं लागत नाही. सगळे मरतात ते मालकाच्या रोजच्या चिकूपणाने. वाचक चमकतो, पण फसवलं गेल्याची भावना येत नाही, कारण सगळं त्याच्या डोळ्यांसमोर ठेवलेलं होतं. आणि मृत्यूचं वर्णन जवळपास नाहीच.

म्हणून गोष्ट काढायच्या आधी मी मुलांकडून दोन वाक्यं लिहून घेते. पहिलं : या जगात काय वेगळं आहे? दुसरं : त्या वेगळ्या गोष्टीत अडकलेल्या माणसाची आजची छोटी काळजी कोणती? दुसरं वाक्य लिहायला सगळ्यांना जड जातं. सगळ्यांना मोठी भीती दाखवायची असते. पण या प्रकारातलं हसू येतं ते मोठ्या भयंकर गोष्टीच्या शेजारी माणूस कसली बारीकसारीक काळजी करत बसलाय त्यातून. पात्राला आपण विनोदी गोष्टीत आहोत याचा पत्ता लागता कामा नये.

आता तुमच्या ‘लिफ्ट’कडे येते. तुमच्या गोष्टीत एक तरुण इमारतीत नव्याने राहायला येतो. तीन पानं अंधारा जिना, वॉचमनची चोरटी नजर, लिफ्टमधून येणारा आवाज. मग शेजारी नाहीसा होतो. सहाव्या पानावर लिफ्टचं दार जबड्यासारखं उघडतं, तरुण आत जातो, संपलं. नावातच लिफ्ट आहे, त्यामुळे लिफ्ट माणसं खाते हे वाचकाने दुसऱ्या पानावर ओळखलेलं असतं. पुढची चार पानं तुम्ही त्याला माहीत असलेली गोष्ट लपवत राहता. आणि त्या तरुणाला काय हवंय हे कुठेच नाही. त्याला फक्त खाल्लं जायचंय. ‘मग पुढे?’ येतं ते इथून.

मी ती अशी उलटवून बघेन. पहिल्या पानावर सोसायटीची वार्षिक सभा. गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्च्या, कागदी प्लेटमध्ये वेफर्स, स्टीलच्या थर्मासमधला चहा. पहिल्या दोन चौकटींत एक शब्दही नाही. मग सेक्रेटरी विषयपत्रिका वाचतात : मागील सभेचं इतिवृत्त मंजूर करणे, टाकीची सफाई, पार्किंग. त्याच स्वरात, त्याच चेहऱ्याने चौथा विषय : ‘लिफ्टने चालू वर्षात खाल्लेले रहिवासी. सभासद तीन, भाडेकरू एक.’ कोणीही दचकत नाही. एक बाई वेफर्सची प्लेट पुढे सरकवतात. नियम कळला, पहिलं पान संपलं.

दुसऱ्या-तिसऱ्या पानावर वाद रंगू द्या. तळमजल्यावाल्यांचा जुनाच मुद्दा, आम्ही लिफ्ट वापरत नाही तर तिच्या देखभालीचे पैसे का द्यायचे? ज्यांचा फ्लॅट भाड्याने दिलाय ते म्हणणार, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस आम्ही वेळेवर भरतो, तेव्हा आमच्या भाडेकरूला लिफ्टचा तितकाच हक्क आहे. या सगळ्या वेळात तिसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थांनी हात वर केलेला आहे. प्रत्येक मोठ्या चौकटीत मागे कुठेतरी तो हात दिसतो आणि त्यांना कोणी बोलू देत नाही. ही त्यांची छोटी गरज : बोलायला मिळणं. पाचव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत सेक्रेटरी त्यांच्याकडे वळतात, ‘बोला.’ पान उलटल्यावर ते उभे आहेत, हातात फाईल. ‘शेअर सर्टिफिकेटवर आमच्या दोघांची नावं आहेत. हिचं नाव कमी करायला तुम्ही मृत्यूचा दाखला मागताय. लिफ्टने खाल्लेल्याचा दाखला महापालिका देत नाही.’ सेक्रेटरी : ‘लेखी अर्ज द्या.’ शेवटची चौकट मूक. सभा संपली आहे, सगळे लिफ्टसमोर रांगेत उभे आहेत आणि त्यात ते गृहस्थही आहेत, फाईल छातीशी धरून.

हे जसंच्या तसं घ्या असं मी म्हणत नाही, गोष्ट तुमची आहे. पण बघा, एकही माणूस खाल्ला जाताना दाखवलेला नाही आणि तुमच्या मूळ गोष्टीपेक्षा हिच्यात माणसं जास्त मेली आहेत.

इथून ‘क्रूर आहे’ या तक्रारीकडे जाता येतं. वाचक हसताना कोणाकडे बोट दाखवतोय, ते तपासा. वरच्या गोष्टीत बायको गमावलेल्या माणसाला कोणी हसत नाही, हसू येतं ते सभेला. तुमच्या बारापैकी तीन गोष्टींत, तुम्ही दिलेल्या सारांशावरून, हसू थेट दुबळ्या माणसाच्या अंगावर पडतं : आंधळा भिकारी, विसराळू आजी, जाडा मुलगा. तिथे मित्र ‘क्रूर’ म्हणाले असतील तर ते बरोबर आहेत असं मला वाटतं.

आपल्याकडे टीव्हीवर डोरेमॉन बघत मोठी झालेली पिढी आहे. त्याचे निर्माते फुजिको एफ. फुजिओ (मोगुरोवाले फुजिको फुजिओ ए वेगळे) यांनी मोठ्यांसाठी अतिशय काळ्या लघुकथा काढल्या आहेत. डोरेमॉन मुलांच्या मासिकांत यायच्या थोडंच आधी, १९६९ मध्ये, ‘बिग कॉमिक’ या नियतकालिकात त्यांची ‘मिनोतॉरचं ताट’ आली. एक अंतराळवीर अनोळखी ग्रहावर कोसळतो. तिथे गाईबैलांसारखे दिसणारे जीव राज्य करतात आणि माणसासारखे दिसणारे जीव त्यांची गुरं आहेत. त्याला वाचवणारी मुलगी मेजवानीच्या मुख्य ताटासाठी निवडली गेली आहे आणि तिला त्याचा मनापासून अभिमान आहे. हा जीव तोडून एकेका अधिकाऱ्याला समजावत फिरतो. सगळे सभ्यपणे ऐकून घेतात, पण त्याची हरकत नेमकी कशाला आहे हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. शेवटी त्याला घ्यायला यान येतं, आणि यानात बसून तो रडत रडत मांसाचा स्टेक खातो. इथे बोट मुलीकडे जात नाही आणि त्या ग्रहाकडेही जात नाही. ते अंतराळवीराकडे जातं, म्हणजे आपल्याकडेच. पन्नास वर्षं उलटून गेली तरी ही गोष्ट वाचणाऱ्याच्या अंगावर येते ती यामुळे.

अर्थात किती दाखवायचं हे परिस्थितीवर अवलंबून आहे. रक्तमांस ढळढळीत दाखवून हसवणारी परंपराही जपानमध्ये आहे आणि तिचे पक्के वाचक आहेत. तुम्ही स्वतः छापून कॉमिक महोत्सवात टेबल लावून विकणार असाल तर तुमचा वाचक वेगळा. दिवाळी अंकात देणार असाल तर तो अंक घरात आजीपासून नातवापर्यंत फिरतो, आणि संपादकही ते धरून चालतात. मी स्वतः न दाखवण्याकडे झुकते. बूट, चष्मा, अर्धा राहिलेला चहा एवढं पुरतं. पण ही माझी आवड आहे, नियम नव्हे.

आता पान उलटण्याबद्दल. याकडे नवखे लोक लक्षच देत नाहीत आणि जपानी संपादक त्यावर अडून बसतात. छापील पुस्तकात समोरासमोरची दोन पानं एकदम दिसतात. वाचक डावं पान वाचत असला तरी उजव्या पानावरचा मोठा काळा डाग त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून आत शिरलेला असतो. म्हणून जे लपवायचं ते उलटलेल्या पानावरच हवं. जपानी पुस्तक उजवीकडून उघडतं, तिथे उत्सुकता ताणणारी चौकट डाव्या पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात असते. आपल्या पुस्तकात ती उजव्या पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात यायला हवी.

तुमची सहा पानांची गोष्ट उजव्या पानावर सुरू झाली, तर दुसरं-तिसरं समोरासमोर, चौथं-पाचवं समोरासमोर आणि सहावं पान उलटल्यावरच दिसतं. उत्तम. तीच गोष्ट डाव्या पानावर सुरू झाली, तर पाचवं आणि सहावं समोरासमोर येतात आणि तुमचा शेवट पाचवं पान वाचायच्या आधीच फुटतो. दिवाळी अंकात हे सर्रास होतं, कारण मांडणी करताना एखादी जाहिरात मध्ये येते आणि सगळं एका पानाने सरकतं. मी गोष्ट पाठवतानाच लिहून देते : ‘उजव्या पानावर सुरू करावी.’ बहुतेक संपादक हे पाळतात. फोनवर वाचणाऱ्यांसाठी देणार असाल तर प्रत्येक पान सुटं येतं, म्हणजे प्रत्येक सरकवणं हे पान उलटणंच. तिथे पाच संधी मिळतात, पण पाचही वेळा धक्का दिलात तर एकही लागत नाही. एकच ठेवा.

जाता जाता संवादांच्या फुग्यांबद्दल. जपानी मजकूर उभा लिहितात, म्हणून त्यांचे फुगे उंच आणि अरुंद असतात. तुम्ही आकार तसेच्या तसे उचललेत आणि त्यात आडवी देवनागरी कोंबलीत. प्रत्येक ओळीत एक-दीड शब्द बसतो, आणि वेलांट्या-उकार वरच्या-खालच्या ओळीला भिडतात. ‘कळलं नाही’ असं म्हणणाऱ्यांपैकी काहींना खरंच वाचता आलं नसेल. फुगे रुंद करा, ओळींत जागा सोडा, आणि फुग्याला जागा आधी देऊन मग चित्र काढा.

राहिला क्रम. यासाठी र्‍योको कुई यांचा २०१३ चा ‘खणातलं टेरॅरियम’ हा संग्रह हाताशी ठेवा असं सुचवेन. ‘डंजन मेशी’ या मांगा-मालिकेमुळे आज त्या जगभर ओळखल्या जातात, हे पुस्तक त्याच्या आधीचं. एका वेब मासिकात आलेल्या तेहतीस छोट्या गोष्टी ईस्ट प्रेस या प्रकाशनाने पुस्तकात आणल्या, आणि त्याला जपान मीडिया आर्ट्स महोत्सवात उत्कृष्टता पुरस्कार मिळाला. यातल्या सगळ्या गोष्टी काळ्या नाहीत, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. चिन्हं खाण्याबद्दलची एक आहे, न अस्तित्वात असलेल्या देशाचं प्रवासवर्णन आहे, आणि गोष्टीप्रमाणे चित्रांची शैलीही बदलते. प्रवासवर्णन असेल तर रेषा प्रवासवर्णनाच्या मांगासारखी सैल होते. नवीन गोष्ट सुरू झाली की रेषेवरूनच कळतं, आता वेगळं जग, वेगळे नियम. तुमच्या बाराही गोष्टींत एकच गडद, ओरखड्यांची रेषा आहे, म्हणून चौथ्या गोष्टीपासून वाचक पहिल्याच चौकटीत मरण शोधायला लागतो. जेवणाच्या पानात सगळा लाल ठेचाच वाढल्यासारखं होतं.

तेव्हा बारापैकी किमान चार गोष्टी अशा हव्यात ज्यांत कोणीच मरत नाही. त्या नसतील तर नव्या काढा, वाटल्यास दोन-दोन पानांच्या. दोन मरणाच्या गोष्टी शेजारी ठेवू नका. सगळ्यात क्रूर गोष्टीनंतर एखादी निव्वळ वेडगळ आणि छोटी गोष्ट येऊ दे. शीर्षकातून शेवट फुटत असेल तर शीर्षक बदला. ‘लिफ्ट’ऐवजी ‘विषय क्रमांक ४’ चालेल. आणि वाचकाला वाटायला लागलं की आता धक्का येणार, तिथेच एक गोष्ट शांतपणे, काहीही वाईट न होता संपू द्या. पुढच्या गोष्टीत तो पुन्हा बेसावध असतो.

पुस्तकाच्या सुरुवातीला मी ‘लिफ्ट’ ठेवणार नाही, तिसरी ठेवेन. तुमची ‘पोस्टमनचं कुत्रं’ ही चार पानांची गोष्ट पहिली शोभेल. तिच्यात नियम दुसऱ्याच चौकटीत कळतो, कोणाला दुखापत होत नाही, आणि पुढच्या गोष्टी कशा वाचायच्या हे वाचक नकळत शिकतो. आंधळ्या भिकाऱ्याची गोष्ट मात्र या पुस्तकातून काढून टाका. तिच्यातली कल्पना चांगली आहे, पण ती त्या माणसाच्या बाजूने पुन्हा लिहावी लागेल आणि त्याला वेळ जाईल.

बाकी अकरा गोष्टींना सध्या हात लावू नका. ‘लिफ्ट’चं पहिलं पान आणि पाच-सहाचं पान उलटणं एवढंच पेन्सिलने कच्चं काढा, शाई लावू नका, आणि ज्यांनी मूळ गोष्ट वाचलेली नाही अशा दोघा-तिघांना दाखवा. ते काय म्हणाले ते इथे लिहिलंत तर पुढचं बोलता येईल.